नुसतं ‘पाटील’ म्हणून ट्रक पोचत नाही: जावास्क्रिप्ट लायब्ररीतले इम्पोर्ट आणि बिल्डची सक्ती

मागच्या हंगामात, हळदीचे सौदे जोरात चालू असताना, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी एक पान बनवून दिलं. पान म्हणजे फार काही नाही, आज राजापुरीची किती पोती आली, परपेठ किती, कुठल्या लॉटला काय भाव निघाला ते टेबलात, आणि खाली महिन्याभराच्या भावाचा आलेख. दुकानातला कॉम्प्युटर विंडोजचा, जुना, त्यावर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) नाही, एनपीएम (त्याच्या लायब्ऱ्या उतरवून घ्यायची सोय) नाही, आणि मला ते टाकायचंच नव्हतं, कारण उद्या मी नसताना काही बिघडलं तर दुकानातल्या पोराला नोटपॅडमध्ये फाइल उघडून दोन शब्द बदलता आले पाहिजेत असा माझा हट्ट होता. एचटीएमएलची एक फाइल, जावास्क्रिप्टच्या तीन फाइली, बास. आलेखासाठी एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड) शोधली, तिच्या माहितीत ठळक लिहिलेलं की ही आधुनिक ईएस मॉड्यूलवाली, म्हणजे भाषेच्याच इम्पोर्ट-एक्सपोर्टनं फायली जोडणारी लायब्ररी आहे, म्हणलं चला, हीच पाहिजे. फोल्डरमध्ये टाकली, इम्पोर्टची एक ओळ लिहिली, पान उघडलं. टेबल आलं नाही, आलेख आला नाही, पांढरं पान.

दुकानातले आण्णा मागं उभे. “काय झालं रं? कायच दिसंना की.”

एफ-१२ दाबलं. कन्सोलमध्ये एकच लाल ओळ. क्रोम म्हणत होता की मॉड्यूल स्पेसिफायर, म्हणजे इम्पोर्टमध्ये अवतरणात लिहिलेला पत्ता, रिझॉल्व करता (शोधता) आला नाही, रेलेटिव्ह रेफरन्सची सुरुवात '/', './' किंवा '../' यापैकी कशानं तरी झाली पाहिजे. माझ्या ओळीत तर './' होतं. मग लक्षात आलं की चूक माझ्या फायलीत नाहीच, लायब्ररीच्या पोटात आहे. तिची मुख्य फाइल उघडली तर वरच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं, इम्पोर्ट अमुक फ्रॉम 'तारीखमदत'. नाव मी बदललंय, पण प्रकार असाच. नुसतं नाव. ना पुढं टिंब, ना स्लॅश, ना डॉट जेएस.

ही एक ओळ नीट कळली ना, तर जावास्क्रिप्टच्या जगात गेली पंधरा वर्षं जो गोंधळ चाललाय त्यातला अर्धा कळतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

यार्डातल्या हमालाला तुम्ही म्हणा, “ही पोती पाटलांच्याकडं टाक.” तो विचारत नाही कुठले पाटील, पाठीवर पोतं घेतो आणि बरोबर गाळ्यात नेऊन थप्पी लावतो, कारण त्याची हयात त्या यार्डात गेलेली, कुणाचा माल कुठं जातो त्याला पाठ. आता तेच वाक्य निजामाबादहून पहिल्यांदाच गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला सांगा. सांगली जिल्ह्यात पाटील शोधायला निघाला तर बिचारा हंगाम संपेपर्यंत फिरत बसेल. त्याला गाळा नंबर पाहिजे, गेटातून आत आल्यावर डावीकडं का उजवीकडं ते पाहिजे. आणि हा ड्रायव्हर मंद नाही हो, तो आज सांगलीत, उद्या इरोडला, परवा अजून कुठं, म्हणून त्यानं ठरवलंय की कुणाच्या ओळखीवर जायचं नाही, पत्त्यावर जायचं.

हमाल म्हणजे नोड किंवा बंडलर, म्हणजे सगळ्या फायली हुडकून एकच फाइल बांधणारं टूल. ड्रायव्हर म्हणजे ब्राउझर.

ब्राउझरला पत्ता तीनचार प्रकारे सांगता येतो. './' म्हणजे मी ज्या फायलीत आहे तिच्या शेजारी, '../' म्हणजे एक फोल्डर वर जाऊन, '/' म्हणजे थेट गेटापासून मोजायचं, नाहीतर एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता. यातलं काहीच नसलं तर ते नुसतं नाव, त्याला बेअर स्पेसिफायर म्हणतात, आणि त्यावर ब्राउझर थांबतो. हे आळशीपणानं नाही, मुद्दाम आहे. एचटीएमएलचं स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की नुसती नावं सध्या चालणार नाहीत, कारण पुढं कधीतरी त्यांना नीट अर्थ देता यावा म्हणून ती जागा मोकळी सोडलीय. ती जागा पुढं भरली, ते खाली सांगतो.

मग लायब्ररीवाल्यांना ही नुसत्या नावाची सवय लागली कुठून? जावास्क्रिप्ट १९९५ ला ब्रेंडन आइकनं नेटस्केपमध्ये बनवली तेव्हा त्यात मॉड्यूल ही गोष्टच नव्हती, पानावर स्क्रिप्ट टॅगची रांग लावायची, सगळ्यांची व्हेरिएबलं एकाच पातेल्यात, दोघांनी एकच नाव वापरलं की एकाचं दुसऱ्यावर सांडलं. २००९ ला रायन डालनं नोड आणलं, त्याच वर्षी कॉमनजेएस ही पद्धत आली, म्हणजे रिक्वायर लिहायचं आणि दुसरी फाइल आत घ्यायची, आणि २०१० ला एनपीएम. नोड चालतं सर्व्हरवर, फायली त्याच डिस्कवर, त्यामुळं त्याला नुसतं नाव दिलं की तो नोड_मॉड्यूल्स फोल्डरमध्ये बघतो, नाही सापडलं तर एक फोल्डर वर, तिथं नाही तर अजून वर. डॉट जेएस लिहायला विसरलात, तो लावून बघतो. फोल्डरचं नाव दिलंत, तो आत इंडेक्स नावाची फाइल आहे का बघतो. डिस्कवर हे सगळं चुटकीसरशी होतं म्हणून कुणाला काही वाटत नाही.

मग लोकांना वाटलं एनपीएमवरचा एवढा माल ब्राउझरमध्येही वापरू की. २०११ ला ब्राउझरिफाय आलं, त्यानंतर वेबपॅक, यांचं काम म्हणजे नोडसारखं सगळं हुडकायचं आणि एकच मोठी फाइल करून ब्राउझरला द्यायची. त्या काळात ते लागतच होतं, दुसरा मार्गच नव्हता, त्या लोकांनी खरंच उपकार केलेत.

खरी गुंतागुंत २०१५ ला झाली. त्या वर्षी ईएस२०१५ मध्ये भाषेतच इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट आले, पण भाषेनं फक्त वाक्य कसं लिहायचं ते ठरवलं, अवतरणातला पत्ता कसा वाचायचा ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं, म्हणजे ब्राउझरनं आपलं ठरवावं, नोडनं आपलं. आणि ब्राउझरमध्ये हे प्रत्यक्ष चालायला सफारी आणि क्रोमला २०१७ उजाडलं, फायरफॉक्सला २०१८ चा मे. मधली ही दोनतीन वर्षं सगळी दुनिया नवीन इम्पोर्ट लिहीत होती पण ते चालत होतं बेबल (नव्या जावास्क्रिप्टचं जुन्यात भाषांतर करणारं टूल) आणि बंडलरमधून, आतमध्ये त्याचं परत रिक्वायरच होत होतं. म्हणजे वाक्य नव्या नियमाचं, पत्ता जुन्या ओळखीचा. एका अख्ख्या पिढीनं इम्पोर्ट असाच शिकला आणि अजून बऱ्याच जणांना वाटतं की भाषा अशीच आहे. नाहीये. ज्या फायलीत इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट दिसतात ती स्टँडर्ड असेलच असं नाही, ब्राउझरनं ती हातात घेऊन चालवली तर ती स्टँडर्ड.

आता परत माझ्या पानाकडं. नुसत्या नावाचा प्रश्न मी सोडवला, कसा ते सांगतो, तोपर्यंत पुढचं बघा. पान परत उघडलं, ती लाल ओळ गेली आणि दुसरी आली, ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. लायब्ररीच्याच एका फायलीत './अक्ष' असं लिहिलेलं, आणि फोल्डरमध्ये फाइल होती 'अक्ष.जेएस'. आपल्याला वाटतं एवढं काय, लाव की डॉट जेएस आपला आपण. पण ब्राउझरला ती फाइल दिसत नाही, त्याला सर्व्हरला विचारावं लागतं, आणि प्रत्येक विचारणं म्हणजे नेटवर एक फेरी. आधी विचारायचं 'अक्ष' आहे का, नाही म्हणाला, मग 'अक्ष.जेएस', नाही, मग 'अक्ष/इंडेक्स.जेएस', अशा तीन फेऱ्या एकेका फायलीला, आणि अशा चाळीस फायली असल्या तर पान कधी उघडायचं? म्हणून ब्राउझर अंदाज लावत नाही, तुम्ही जे लिहिलंत तेच मागतो, आणि ते बरोबर आहे. त्याला तर एक्सटेन्शनशी देणंघेणंही नाही, सर्व्हर उत्तरासोबत फाइल कसली आहे ते सांगतो, तो माइम टाइप जावास्क्रिप्टचा असला म्हणजे झालं.

रायन डालनं स्वतः २०१८ ला बर्लिनच्या एका परिषदेत नोडमधल्या कुठल्या गोष्टींचा पश्चात्ताप होतो ते जाहीर सांगितलं, त्यात एक्सटेन्शन न लिहिता रिक्वायर करू देणं आणि ती इंडेक्स फायलीची सोय, दोन्ही होत्या. आणि नोडनंच पुढं ईएस मॉड्यूल घेतले तेव्हा नियम केला की आपल्या फायलींना एक्सटेन्शन लिहिलंच पाहिजे. म्हणजे ही सवय जिथून आली तिथंच आता ती चालत नाही, तरी लायब्ऱ्यांमध्ये चालूच आहे, कारण बंडलर ओरडत नाही.

(माइमवरून आठवलं, विंडोजवाल्यांनी हे ध्यानात ठेवा. मॉड्यूलवालं पान डबल क्लिक करून उघडत नाही, छोटा का होईना सर्व्हर लागतो, मी माझ्या लॅपटॉपवर पायथनसोबत येणारा साधा सर्व्हर लावला तरी पान कोरंच, कारण पायथन फायलींचे प्रकार विंडोजच्या रजिस्ट्रीतून वाचतो आणि तिथं कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरनं डॉट जेएसला साधा मजकूर करून ठेवलेलं. साध्या स्क्रिप्टला ब्राउझर तेवढं चालवून घेतो, मॉड्यूलला अजिबात नाही. अर्धा तास गेला माझा त्यात.)

डॉट जेएस मी हातानं लावत गेलो, एकेक फाइल. मग तिसरी लाल ओळ, लायब्ररीनं एका ठिकाणी सीएसएसची, म्हणजे पानाच्या रंगरूपाची, फाइलच इम्पोर्ट केलेली. ब्राउझर म्हणतो, मी जावास्क्रिप्ट मागितली आणि मला टेक्स्ट-सीएसएस मिळालं. बंडलरमध्ये हे चालतं कारण बंडलर ती फाइल बाजूला काढून त्याचा स्टाइल टॅग करतो, पण ती बंडलरची स्वतःची सोय आहे, भाषेचा नियम नाही. जेसनसारख्या (नुसता डेटा असलेल्या) फायली आत घ्यायची स्टँडर्ड पद्धत आता ईएस२०२५ मध्ये आलीय, पण त्यात इम्पोर्टच्या पुढं हा जेसन आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते का तर समोरच्या सर्व्हरनं उद्या जेसनच्या जागी कोड पाठवला तर तो आपल्या पानात चालू नये म्हणून. डेटा मागितला तर डेटाच घ्यायचा, एवढी साधी सावधगिरी. छोट्या लायब्ररीनं तर सीएसएस वेगळी द्यावी आणि सांगावं की पानात लिंक टॅग टाका, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि चौथी, सगळं लोड झाल्यावर, ‘प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड’. कोडमध्ये बघितलं जात होतं की नोडचं एन्व्हायर्नमेंट प्रॉडक्शन आहे का. प्रोसेस ही नोडमधली वस्तू, ब्राउझरच्या घरात नाहीच ती, बंडलर बिल्ड करताना, म्हणजे ब्राउझरला द्यायची फाइल तयार करताना, त्या जागी शब्द बदलून टाकतो म्हणून आजवर कुणाला कळलं नाही.

चार लाल ओळी, आणि चारही एकाच कारणाच्या. लायब्ररी लिहिणाऱ्यानं ती कधी ब्राउझरमध्ये थेट उघडूनच बघितली नव्हती. मला राग माणसाचा नाही, फुकट काम करतोय तो, पण माहितीत ईएस मॉड्यूल लिहायचं आणि वापरणाऱ्यावर न सांगता बंडलर लादायचा, हे मला खटकतं, आणि अशी लायब्ररी काही एकटी नाही.

आता नुसत्या नावाचं काय केलं ते. मोकळी सोडलेली जागा मी वर म्हणलो ना, ती भरली इम्पोर्ट मॅपनं. यार्डाच्या गेटावर फलक असतो बघा, कुठल्या फर्मचा कुठला गाळा, बाहेरचा ड्रायव्हर तिथं गाडी थांबवतो, नाव वाचतो, नंबर बघतो, आत जातो. इम्पोर्ट मॅप हा अगदी तोच फलक. पानात एक स्क्रिप्ट टॅग, टाइप लिहायचा इम्पोर्टमॅप, आत साधं जेसन, डावीकडं नाव 'तारीखमदत', उजवीकडं पत्ता '/सामान/तारीखमदत/मुख्य.जेएस'. तो बाकीच्या मॉड्यूलच्या आधी लिहायचा. झालं, आता पानात कुठंही, लायब्ररीच्या पोटातसुद्धा, कुणी 'तारीखमदत' म्हणलं की ब्राउझर फलक बघून जातो. क्रोममध्ये हे २०२१ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२२ च्या डिसेंबरपासून, सफारीत २०२३ च्या मार्चपासून, म्हणजे आजच्या कुठल्याही बऱ्या फोनवर चालतं.

या फलकात अजून एक खुबी आहे. समजा तासगावच्या गाड्यांना ‘पाटील’ म्हणजे जुने पाटील आणि बाकी सगळ्यांना नवे, तर ते पण लिहिता येतं, त्याला स्कोप्स म्हणतात, अमुक फोल्डरमधल्या फायलींनी हे नाव घेतलं तर जुनी आवृत्ती द्या, इतरांना नवी. दोन लायब्ऱ्यांना एकाच मदतनीसाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागल्या तर याचा उपयोग.

म्हणून माझं मत असं झालंय, आणि हे जरा नीट वाचा कारण यात घाईनं लोक एका टोकाला जातात. नुसतं नाव लिहिणं हे पाप नाही. उलट परक्या लायब्ररीला नावानंच हाक मारली पाहिजे. कारण लायब्ररी लिहिणाऱ्याला काय माहीत की ती मदतनीस लायब्ररी माझ्या पानात कुठल्या फोल्डरमध्ये बसणार? त्यानं '../../' करून अंदाज लावला तर माझ्याकडं तुटणार, आणि एखाद्या सीडीएनचा (लायब्ऱ्या नेटवरून पुरवणाऱ्या सर्व्हरचा) पूर्ण पत्ताच लिहून टाकला तर मी त्या सर्व्हरला आणि त्या आवृत्तीला कायमचा बांधला गेलो. शिवाय ब्राउझर मॉड्यूलला ओळखतो तो पत्त्यावरून, पत्ता एक तर मॉड्यूल एक, पत्ते दोन तर तीच फाइल दोनदा चालते, दोन वेगळ्या प्रती. रिॲक्टसारख्या लायब्ररीच्या दोन प्रती एका पानात आल्या की हुक्सची जी चिडचिडी एरर येते ती बऱ्याचदा ह्याचीच. तेव्हा परक्याला नाव, आणि त्या नावाचा पत्ता पानाचा मालक ठरवणार.

पण स्वतःच्या फायलींना? तिथं काय निमित्त आहे? तुझीच फाइल, तुझ्याच फोल्डरमध्ये, शेजारच्या खोलीतल्या भावाला हाक मारताना पूर्ण पत्ता लिहायला काय जातंय, './अक्ष.जेएस', तीन अक्षरं जास्त. ह्यानं कुठलाही बंडलर रुसत नाही, नोड खूश, डेनो (रायन डालचंच नोडनंतरचं टूल) खूश, ब्राउझर खूश. बंडलरवाल्याचं काहीच नुकसान नाही आणि बिनबंडलरवाल्याचं काम होतं, असा सौदा रोज मिळत नाही.

लायब्ररीच्या आतली एखादी वेगळी फाइल बाहेर वापरायला दिलेली असते, तिथंही डॉट जेएस ठेवलं तर फलक छोटा राहतो, कारण इम्पोर्ट मॅपमध्ये शेवटी स्लॅश देऊन ‘ह्या नावानं सुरू होणारं सगळं त्या फोल्डरमध्ये’ असं एका ओळीत सांगता येतं. डॉट जेएस काढून टाकलं की प्रत्येक फायलीची वेगळी ओळ. थ्री-जेएस या त्रिमितीय चित्रांच्या लायब्ररीचं उदाहरण बघण्यासारखं आहे, त्यांचे ॲडऑन असेच आहेत, फलकात दोन ओळी, एक 'थ्री' आणि एक 'थ्री/ॲडऑन्स/', पुढं कितीही फायली घ्या. लिट नावाच्या लायब्ररीवाले पण लायब्ररी लिहिणाऱ्यांना हेच सांगतात, साधे मॉड्यूल द्या, एक्सटेन्शन लिहा, आधीच बंडल करून मिनिफाय करून (मोकळ्या जागा काढून, नावं आखडून) देऊ नका.

हे शेवटचं बऱ्याच जणांना उलटं वाटतं. मिनिफाय करून दिलं तर सोय नाही का? त्याचं असं बघा, सांगलीत राहून हळदीची पूड पाकिटातली घेणारा माणूस आणि हळकुंड घेऊन गिरणीत नेणारा माणूस. हळकुंड हातात असलं की दिसतं काय घेतलंय, पाहिजे तेवढंच दळता येतं, जाड पाहिजे का बारीक ते आपण ठरवतो. पूड झाली की झाली. लायब्ररी आधीच एका गोळ्यात बांधून आली की तिच्यातला मदतनीस वेगळा काढता येत नाही, तोच मदतनीस दुसऱ्या लायब्ररीच्या गोळ्यात पण असतो, पानात दोन, आणि नको असलेला कोड गाळायचा म्हणलं तर बंडलरलाही जड जातं. दळायचं काम गिऱ्हाइकाचं, त्याच्या गिरणीत. व्यापाऱ्यानं हळकुंड चांगलं द्यावं.

आणि गिरणीची गरज असते हे मी मानतो, उगाच बंडलरच्या नावानं बोटं मोडायला हा लेख नाही. लोडॅश-ईएस ही लायब्ररी घ्या, त्याच्या आत सहाशेच्या वर मॉड्यूल आहेत, ते सगळे ब्राउझरनं एकेक करून मागायचे म्हणलं तर पान रांगतं. एचटीटीपी/२ मध्ये एकाच जोडणीवरून खूप फायली एकदम येतात हे खरं, पण अडचण संख्येपेक्षा खोलीची आहे, पहिली फाइल आल्याशिवाय कळत नाही दुसरी कुठली लागते, दुसरी आल्यावर तिसरी, अशी साखळी. मॉड्यूलप्रीलोड नावाचा लिंक टॅग देऊन ती आधीच मागवता येते, छोट्या पानाला तेवढं पुरतं. मोठं ॲप असेल, टाइपस्क्रिप्ट आणि जेएसएक्स (ज्याचं आधी साधं जावास्क्रिप्ट करून घ्यावं लागतं) असेल, गावातल्या कमी रेंजच्या मोबाइलवर उघडायचं असेल तर बंडल कराच. इम्पोर्ट मॅपलाही मर्यादा आहेत, वर्करच्या (पानाच्या मागं वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) आत तो फलक लागू होत नाही, आणि शंभर पॅकेजं असली तर हातानं फलक लिहिणं म्हणजे शिक्षा, तिथं टूल पाहिजेच. माझं म्हणणं एवढंच की बंडल करायचं का नाही हे पान बनवणाऱ्यानं ठरवावं. लायब्ररीनं त्याच्या वतीनं ठरवून टाकू नये. रेल्स या वेब ॲप बनवायच्या फ्रेमवर्कच्या ७ व्या आवृत्तीनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये इम्पोर्ट मॅपलाच मूळ पद्धत केली, म्हणजे नोडशिवाय ॲप, आणि त्यावर खरोखरची कामं उभी आहेत, तेव्हा हे काही हौशी खूळ नाही.

मला स्वतःला याची एवढी का पडलीय तर एका जुन्या कामामुळं. २०१९ ला मिरजेतल्या एका दुकानासाठी स्टॉकचं पान केलं होतं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं बंडलर, त्याचे प्लगिन, सगळं. चार वर्षांनी मालकांचा फोन, “दादा, बिलावरचा पत्ता बदलायचाय, दुकान हलवलंय.” एक ओळ. दोन मिनिटांचं काम म्हणून लॅपटॉप उघडला. बिल्ड चालेना. तो जुना बंडलर फायलींचा ठसा काढायला एमडी४ नावाचा हॅश वापरायचा, आणि नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (हॅश आणि एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं, त्यात तो जुना हॅश बंद. मग जुनं नोड टाकलं तर एक प्लगिन सी-प्लस-प्लसमधून परत बांधायला बघतोय आणि त्याला पायथनची जुनी आवृत्ती पाहिजे. रात्री दीडला ते झालं, आणि ते सुद्धा बिल्डमधून नाही, शेवटी मी तयार बंडलमध्येच तो पत्ता शोधून हातानं बदलला. माझा कोड अगदी धडधाकट होता, ब्राउझर आजही तो जशाच्या तसा चालवतो, सडलं ते मधलं यंत्र. ब्राउझर जुनी पानं सहसा मोडत नाहीत, ही त्यांची फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण मध्ये चार यंत्रं ठेवली की ती गोष्ट आपल्या हातातून जाते.

लायब्ररी लिहिणारे कुणी वाचत असतील तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर सेटिंगमध्ये मॉड्यूल रिझोल्यूशनला ‘बंडलर’ निवडू नका, तो पर्याय ५.० मध्ये २०२३ ला आला, ॲपसाठी ठीक आहे, पण लायब्ररीला तो एक्सटेन्शन विसरू देतो आणि टाइपस्क्रिप्ट तुमच्या पत्त्याला हात न लावता तसंच बाहेर काढतं. ‘नोडनेक्स्ट’ निवडा, विसरलात की तिथंच ओरडेल. डिस्कवर फाइल डॉट टीएस असताना इम्पोर्टमध्ये डॉट जेएस लिहायचं हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, मलाही वाटलं, पण शेवटी चालणार ती जेएसच, पत्ता तिचाच पाहिजे; नाहीच पटलं तर ५.७ पासून टीएस लिहून बिल्डमध्ये त्याचं जेएस करून घ्यायचा पर्यायही आहे. आणि दुसरी, एक कोरी एचटीएमएल फाइल ठेवा रेपोमध्ये (लायब्ररीचा कोड ठेवता त्या जागी), तिच्यात एक इम्पोर्ट मॅप आणि लायब्ररी आत घेणारं एक मॉड्यूल, बिल्ड नाही काही नाही, आणि नवीन आवृत्ती काढायच्या आधी ती क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये उघडून बघा. लाल ओळ दिसली तर माझ्यासारख्याला दिसण्याआधी तुम्हाला दिसली.

त्या आलेखाच्या लायब्ररीला मी माझे बदल पाठवून दिलेत, सगळीकडं डॉट जेएस, सीएसएस वेगळी, प्रोसेसची ओळ काढलेली, सोबत तीच कोरी तपासणीची फाइल. लेखकानं अजून उत्तर दिलेलं नाही. तोवर यार्डातल्या दुकानात माझी दुरुस्त केलेली प्रत चालू आहे. परवा आण्णांचा फोन होता, परपेठचा रकाना टेबलात आधी पाहिजे म्हणे, मी सांगायला लागलो कुठली फाइल उघडायची ते, तर मागून पोराचा आवाज आला, “केलंय मी सकाळीच, रिफ्रेश करा फक्त.”